पहिली कुठे मिळते?

पिंप्राळ्यात माझं मेडिकल आहे. धुळ्याला फार्मसी केली, लग्न होऊन जळगावात आले आणि घराच्या पुढच्या खोलीला शटर बसवून दुकान टाकलं. तेव्हापासून सासरची सगळी भावकी मला डॉक्टर समजते, म्हणजे विचारण्यापुरती. ऐकण्यापुरती समजत नाही.

दुकानात लोक गोळीचं नाव सांगत नाहीत, रंग सांगतात. "ती गुलाबी द्या." गुलाबी म्हणजे कोणती, असं विचारलं की उत्तर येतं, "तीच हो, आमच्या शेजारणीला दिली होती ती." डॉक्टरची चिठ्ठी मागितली तर असा चेहरा करतात, जसा काही मी त्यांचा सातबारा मागितला. दिवसभर हे ऐकून माझं डोकं फिरलेलं असतं, आणि संध्याकाळी शटर ओढून मोबाइल उघडावा तर भावकीच्या ग्रुपवर तेच चालू.

आमची भावकी मूळची दोंडाईच्याजवळच्या एका गावची. आता थोडी गावात, थोडी धुळ्याला, थोडी सुरतेला, एक भाऊजी केळीच्या व्यापारापायी रावेरला, आणि आम्ही जळगावात. ग्रुप काढला तो लग्नकार्याच्या निरोपांसाठी. पण लग्नं काय रोज होत नाहीत, आणि दुखणी रोज असतात. त्यामुळे सकाळी फुलांची चित्रं येऊन गेली की औषधांची देवाणघेवाण सुरू व्हायची. कोणी पट्टीचा फोटो टाकायचं, तोही अशा बाजूने की नाव नेमकं फाटलेलं. "मला ही लागू पडली." खाली दुसऱ्याचा प्रश्न, "जेवणाआधी की नंतर?" कशासाठी लागू पडली, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच येत नसे.

मला हसू आलं असतं, पण आमच्या घरात नाना होते. नाना म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्या तशी त्यांची झोप गेली. डॉक्टरांनी झोपेची अर्धी गोळी लिहून दिली होती, ब्लडप्रेशरची वेगळी होती, दोन्हींच्या पट्ट्या मी माझ्या ताब्यात ठेवायचे. तेवढ्याने भागत नव्हतं म्हणून नाना ग्रुपवर जे येईल ते करून बघत. कुणी लिहिलं जायफळ, की नाना दुधात जायफळ उगाळत, तेही एवढं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोळे उघडत नसत. कुणाची तरी सर्दीची गोळी घेतली आणि पंगतीत वाढपी समोर उभा असताना झोपून गेले. विचारलं तर म्हणायचे, "काही नही लिधं मी." मला एकच धास्ती होती. हा माणूस कधीतरी त्या दोन गोळ्यांवर असं काही घेईल, की आम्हाला कळेपर्यंत उशीर झालेला असेल.

ग्रुपचे ॲडमिन आबा. नानांचे चुलत भाऊ, धुळ्याला राहतात, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, पण आतून नाही झाले. ग्रुपवर त्यांचं सगळं लेखन नोटीसबोर्डावरचं. "सर्व सन्माननीय सदस्यांस कळविण्यात येते की" याशिवाय त्यांनी कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा दिल्या नाहीत. आणि गंमत अशी, की या आबांशी मी आयुष्यात एक शब्द बोललेले नव्हते. आमच्याकडे सून चुलत सासऱ्याशी समोर उभं राहून बोलत नाही, आणि तेही सुनेशी थेट बोलत नाहीत. आबा घरी आले की मी डोक्यावर पदर घेऊन चहा बाहेर पाठवायची. त्यांना साखर कमी हवी असेल तर ते माझ्या नवऱ्याला सांगायचे, "तिले सांग, साखर कमी." मी तीन हातांवर उभी असायची. नाना आधी तसेच होते. सासूबाई गेल्यावर मध्ये निरोप सांगायला कुणी उरलं नाही, तेव्हा नाइलाजाने माझ्याशी बोलायला लागले, आणि मग थांबेनात.

पण ग्रुपवर पदर कुठला? तिथे मी आणि आबा कडाकडा भांडायचो. मी लिहायची, त्यांचं उत्तर यायचं, मी पुन्हा लिहायची. पुढच्या रविवारी तेच आबा बैठकीत बसलेले आणि मी आतून चहा पाठवते आहे. नवरा म्हणायचा, "तुम्ही दोघं एकदा समोरासमोर भांडून का घेत नाही?" त्याला काय कळतंय.

थंडीच्या दिवसांत सुरतेच्या एका पुतण्याने ग्रुपवर विचारलं, "भांगेच्या गोळीने झोप येते म्हणतात, खरं का?" एरवी पाय मुरगळला तरी शंभर उपाय येतात. या प्रश्नावर सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. सगळ्यांनी वाचलेलं दिसत होतं, उत्तर कुणाचं नाही. म्हणजे प्रत्येकाला काही ना काही माहीत होतं.

मी विचार केला, गप्प बसले तर हा पोरगा पानटपरीवाल्याला विचारेल. त्यापेक्षा सरळ खरं सांगावं. दुकानात बसून मी लांबलचक मजकूर लिहिला. सुरुवात अशी केली की, भांगेने काहींना झोप येते हे खरं आहे. मग लिहिलं की, ब्लडप्रेशरची किंवा झोपेची गोळी चालू असेल त्यांनी हिच्या वाटेला अजिबात जाऊ नये. आणि शेवटी, ही पोटातून चढते, उशिरा चढते, त्यामुळे काही झालं नाही म्हणून कुणी दुसरी घेऊ नये, माणसं फसतात ती दुसरीमुळे. कुणाला असं काही झालं तर लाजू नका, डॉक्टरांना खरं सांगा, असंही लिहिलं. पुन्हा वाचलं आणि स्वतःवरच खूश झाले.

पहिलं उत्तर रावेरच्या भाऊजींचं आलं. "फार उपयुक्त माहिती, वहिनी. दुसरी घेणार नाही. पहिली कुठे मिळते?"

त्याच्याखाली धुळ्याच्या एका जावेचं, "हो, पत्ता टाका." त्याच्याखाली नानांच्या बहिणीचा, म्हणजे गावाकडच्या अक्कांचा, आवाजातला निरोप: "माले बी एक सांगजो वं बेटा, गुडघासाठे." भांगेचा आणि गुडघ्याचा काय संबंध, हे अक्कांनाच ठाऊक.

मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात माझा मजकूर ग्रुपवरून गायब. आबांनी पुसून टाकला होता, आणि त्या जागी नोटीस लागली. "सर्व सन्माननीय सदस्यांस कळविण्यात येते की, नशा, झोप, गोळी या विषयांवर यापुढे ग्रुपवर चर्चा करता येणार नाही. आपले घराणे प्रतिष्ठित आहे. नियम मोडणाऱ्यास काढण्यात येईल."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी लिहिलं, "आबा, चर्चा बंद केली म्हणून लोक घ्यायचे बंद होत नाहीत, फक्त सांगायचे बंद होतात." आबांचं उत्तर आलं, "समजावून सांगण्याच्या नादात तू दुकान मांडलेस. ज्यांच्या मनातही नव्हते त्यांनी पत्ता विचारला." भाऊजींच्या मनात खरंच नव्हतं. त्यांच्या मनात केळीच्या भावाशिवाय काही नसतं. मी मोबाइल ठेवून दिला आणि संध्याकाळभर ज्याच्या त्याच्यावर खेकसत राहिले. आबा अगदीच चूक असते तर मला एवढा राग आला नसता.

ग्रुप शांत झाला. फुलं, सुविचार, वाढदिवस. आबा समाधानी झाले असतील. इकडे माझ्या दुकानात भावकीतली माणसं काउंटरवर वाकून कुजबुजायला लागली, "ग्रुपवर सांगू नको, पण..." जे आधी सगळ्यांसमोर चालायचं ते आता दोघादोघांत चालू झालं, आणि दोघांत काय चाललं आहे हे तिसऱ्याला कळेना. नाना तर कमालीचे सज्जन झाले होते. ग्रुपवर गोळ्याच नाहीत म्हटल्यावर ते काय करून बघणार, असं मी समजत होते. मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले दिसायचे, आबांशी काहीतरी लिहालिही चाललेली असायची. दोन म्हातारे गप्पा मारतायत, मला बरंच वाटायचं.

दरवर्षी थंडीत गावच्या शेतात भावकीची भरीत पार्टी असते. जळगावची मोठी हिरवी वांगी आम्ही गाडीत घालून न्यायची, तिकडे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर ती भाजायची, मग लाकडी बडगीत घालून मिरची-लसणासोबत ठेचायची, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांबरोबर कांद्याच्या पातीचा खुर्दा करत खायची. पुरुष भाजतात, बायका नावं ठेवतात. त्या वर्षीही तसंच चाललं होतं. आबा धुळ्याहून पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आलेले, खुर्चीवर बसून कुठलं वांगं कधी उलटायचं याच्या सूचना देत होते.

नाना सकाळपासून खुशीत होते. मी म्हटलं, गावची हवा. मग ते हसायला लागले. एका भाजत ठेवलेल्या वांग्यासमोर उकिडवे बसून हसत होते. मी विचारलं, काय झालं, नाना? तर म्हणाले, "हाई वांगं मनाकडे देखी ऱ्हायनं." आजूबाजूच्यांना वाटलं गंमत करतायत, तेही हसले. नाना वांग्याची समजूत घालायला लागले. मग जेवायला बसले आणि उठेचनात. पुरी संपली की दुसरी, भरीत संपलं की पुन्हा. वाढणारी सून दमली. नाना म्हणाले, असं भरीत जन्मात खाल्लं नाही, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. कांद्याची पात हातात धरून ते रडत होते.

तोपर्यंत सगळे हसत होते. नाना हात धुवायला उठले आणि पाय उचलेना. जीभ जड झाली. ते खाली बसले ते बसलेच, मान छातीवर पडली, हाक मारली तर डोळे अर्धे उघडून पुन्हा मिटले.

मग भावकी कामाला लागली. कुणी कांदा फोडून नाकाला लावला. कुणी ताक आणलं. अक्का म्हणाल्या, "बाहेरनं शे हाई. लिंबू उतारा." लिंबू भरिताला आणलेलं होतंच. आबा उभे राहिले, चेहरा पांढरा फटक, आणि म्हणाले, "लकवा शे त्याले. गाडी काढा." मी नानांचं तोंड बघितलं, वाकडं नव्हतं. दोन्ही हात दाबले, दोन्ही ओढून घेत होते. डोळे लालभडक, नाडी धावत होती. मला लकवा वाटेना. मी मोठ्याने विचारलं, "यांनी काय घेतलंय? कुणी काही दिलंय का?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आबा माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तिले सांग, आपला घरमा असं कोनी काही खात नही."

दोंडाईच्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि बाहेर येऊन विचारलं, "काय खाल्लं?"

नवरा म्हणाला, "भरीत."

"आणखी?"

"कळण्याची पुरी."

"आणखी?"

"लोणचं. आणि पात."

डॉक्टर माझ्याकडे वळले. मी दोन्ही गोळ्यांची नावं सांगितली, मला काय संशय येतो तेही सांगितलं. ते म्हणाले, "संशयावर मला चालता येत नाही. लकवा असेल तर एक मिनिट घालवून चालणार नाही, यांना लगेच धुळ्याला हलवा. आणि दुसरं काही पोटात असेल, तर ते कळल्याशिवाय या गोळ्यांवर पुढचं इंजेक्शन द्यायची माझी तयारी नाही. श्वास हळू व्हायला लागलाय. कुणाला काही माहीत असेल तर आत्ता सांगा." नवरा गाडीची सोय बघायला बाहेर पळाला.

बाकड्यावर दोघंच उरलो. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला आबा. मध्ये कुणी नाही. मी पदर सावरला, आणि खरं सांगते, त्या वेळीही त्यांच्याकडे बघून विचारायला माझी जीभ उचलली नाही. इतक्या वर्षांची सवय. मी मोबाइल काढला आणि ग्रुपवर लिहिलं, "नाना दवाखान्यात आहेत. त्यांनी काही घेतलं असेल, कुणी दिलं असेल, तर इथे लिहा. कुणालाही काढणार नाही, कुणी कुणाला बोलणार नाही. डॉक्टर थांबलेत."

आधी दोन जणांनी भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. तिसऱ्याने विचारलं, कोण गेलं? मी लिहिलं, कुणी गेलं नाही, वाचा नीट. मग बांध फुटला. मी नानांचं विचारलं होतं, लोक स्वतःचं सांगायला लागले. सुरतेच्या पुतण्याने लिहिलं की कारखान्यात रात्रपाळीला जागायला तो कसल्या तरी गोळ्या घेतो आणि आता त्याला दिवसाही झोप येत नाही. रावेरच्या भाऊजींनी लिहिलं की केळीच्या ट्रकवरच्या एका ड्रायव्हरने त्यांना काळी गोळी दिली होती, पण ती त्यांनी घेतली नाही, म्हणजे एकदाच घेतली. धुळ्याच्या जावेने लिहिलं की वजन उतरायला ती काय घेते हे तिच्या नवऱ्यालाही माहीत नाही. तिचा नवरा त्याच ग्रुपवर होता. अक्कांचा आवाज आला की त्या तिन्ही सुनांच्या उरलेल्या दुखण्याच्या गोळ्या एका डबीत गोळा करतात आणि हाताला लागेल ती घेतात. ज्यांच्या घरात कुणी सुपारीचं खांड खात नव्हतं ती सगळी माणसं भराभरा लिहीत होती, आणि त्यात नानांबद्दल एक अक्षर नव्हतं. मला हसावं की रडावं कळेना. आतून नर्स आली, पुन्हा आत गेली.

मग पडद्यावर दिसलं की आबा लिहीत आहेत. थांबले. पुन्हा लिहायला लागले. मी मान वळवली नाही. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा अंगठा हलत होता, एवढं मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं. माझ्यापासून दोन हातांवर बसलेला माणूस मला निरोप लिहीत होता आणि मी तो येण्याची वाट बघत होते. मग आला. सन्माननीय सदस्य नव्हते, कळविण्यात येते नव्हतं.

"मी दिधी. भांगनी गोयी. सकायमा एक दिधी. काही व्हयनं नही म्हने, मंग दुसरी मांगी. मी दिधी. माले वाटनं काय व्हस. मी बी रोज लेस."

मी उठून आत धावले.

डॉक्टरांचा चेहरा सैल झाला. ते म्हणाले, आता निदान काय करायचं ते कळलं. नानांना कुशीवर वळवलं, सलाइन लावलं, धुळ्याला हलवणं थांबवलं, आणि श्वासावर नजर ठेवायला नर्सला शेजारी बसवलं. मीही बसले. मला त्या खोलीत फार रडू आलं, आणि नर्सने मला पाण्याचा ग्लास दिला. दिवे लागण्याच्या सुमारास नानांनी डोळे उघडले, छताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "भरीत उरनं का?"

मी बाहेर येऊन सांगितलं. आबा बाकड्यावरच होते. त्यांनी हात जोडले, कुणाला ते मला कळलं नाही, आणि धुळ्याची गाडी पकडून निघून गेले. जाताना त्यांनी ग्रुप सोडला. नियम मोडणाऱ्यास काढण्यात येईल, असं त्यांनीच लिहिलं होतं, आणि काढायला दुसरं कुणी नव्हतं.

आता ॲडमिनच गेल्यावर ग्रुपचं काय होतं, तर मोबाइल आपल्या मनाने दुसऱ्या कुणाला तरी ॲडमिन करतो. त्याने अक्कांना केलं. अक्कांना ॲडमिन म्हणजे काय हे माहीत नव्हतं. त्यांना वाटलं सरपंचासारखं काहीतरी असावं. आबांना परत घ्या, असं सगळ्यांनी सांगितलं, तर अक्कांनी प्रयत्न करताना आधी रावेरच्या भाऊजींना काढलं, मग एका दूधवाल्याला घेतलं. दूधवाला दोन दिवस ग्रुपवर होता. त्याने सगळ्यांचे कबुलीजबाब वाचले आणि शेवटी त्यानेही पाठदुखीवर काय घेतो ते लिहून टाकलं. अखेर मी अक्कांशी फोनवर बोलत बोलत, कुठे दाबायचं ते सांगत, आबांना परत आणलं. आबा आले, पण एक अक्षर लिहीत नव्हते.

चर्चा सुरू झाली होती ती मात्र थांबली नाही, आणि आता ती थांबवायला कुणी नव्हतं. मी माझ्यापुरतं ठरवून घेतलं. कुणी काय घेतलं आणि मग काय झालं, हे खुशाल लिहा. कुठे मिळतं, हे कुणी विचारलं तर मी ते पुसणार नाही, त्याच्याखाली लिहीन, "मला फोन करा." बरेच फोन येतात. सुरतेच्या पुतण्याला धुळ्याच्या एका चांगल्या डॉक्टरांकडे पाठवलं. काहींना शिव्या घातल्या. भाऊजी अजूनही पत्ता विचारतात, पण आता चेष्टेने. हे बरोबर आहे की नाही, मला अजून ठाम सांगता येत नाही. एखाद्या दिवशी माझं वाचूनच कुणीतरी पहिली शोधायला निघेल, ही भीती जात नाही.

नाना घरी आल्यावर चार दिवस मी त्यांना काही बोलले नाही, पाचव्या दिवशी बोलले. घरात मेडिकल आहे, सून औषधांची शिकलेली आहे, आणि तुम्ही आबांकडून गोळ्या घेता? मी एवढं लिहिलं होतं ग्रुपवर, वाचलं नाही का?

नाना ओशाळले. म्हणाले, "वाचीज ऱ्हायंतू ना बेटा." नाना अक्षर अक्षर लावून वाचतात, ओठ हलवत. "भांगवरी झोप येस हाई खरं शे, तठलगून उनू, आनि आबानी उडाई दिधं. मंग मी आबालेज इचारं, पुढे काय व्हतं. तो म्हने, पुढनं जाऊ दे, मनाकडे शे."

म्हणजे माझं अर्धं वाचलं आणि आबांनी अर्धं पुसलं. दोघांनी मिळून म्हाताऱ्याला बरोबर मध्यावर आणून सोडला होता. मला आबांचा राग आला आणि माझाही आला, आणि त्याहून जास्त हे लागलं की दोन म्हातारी माणसं रात्र रात्र जागी असतात आणि त्यांना ते एकमेकांखेरीज कुणाला सांगता येत नाही.

मी म्हटलं, "नाना, झोप का येत नाही, हे तरी कधी कुणाला सांगितलंत का?" त्यांनी ताट पुढे ओढलं. जेवून आपल्या खोलीत गेले.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मोबाइल वाजला. नाना ग्रुपवर कधी स्वतः लिहीत नसत. एवढं लिहायला त्यांना किती वेळ लागला असेल, देव जाणे.

"माले झोप येस नही. ती रातभर खोकले. मी तिले बोलू, झोपू दे माले. पन झोप लागे. आते कोनी खोकत नही."

मी काउंटरवर मोबाइल ठेवला आणि नुसती बघत राहिले. एकेकाने वाचलं, ते दिसत होतं. सुरतेने वाचलं, रावेरने वाचलं, अक्कांनी वाचलं. पाय मुरगळला तरी शंभर उपाय सांगणारी आमची भावकी, त्या दुपारी कुणी एक गोळी सुचवली नाही. गुलाबी नाही, पांढरी नाही, जायफळसुद्धा नाही.

मग आबांचा निरोप आला. लिहिलेला नव्हता, आवाजातला होता. मी दुकानात लावला, आणि त्याच वेळी आतल्या खोलीतून नानांच्या मोबाइलवरही तोच ऐकू यायला लागला. आबा खोकत होते. मुद्दाम, मनापासून, दम लागेपर्यंत खोकत होते. मध्ये थांबून त्यांनी श्वास घेतला आणि पुन्हा खोकले. शेवटी म्हणाले, "रातले परत धाडसू. पड आते."

मी आत डोकावले. नाना खाटेवर आडवे झाले होते. त्यांनी तो खोकला पहिल्यापासून पुन्हा लावला, आणि मोबाइल उशीशेजारी ठेवून भिंतीकडे तोंड केलं.